वाहक कुत्र्याची बाजू



समोर पशुवैद्यक आहेत, ब्रीडर आहेत आणि हौसेनं घरी एखादंच कुत्रं पाळणारेही आहेत. जनुकीय चाचणीचा रिपोर्ट हातात आल्यावर आपण त्याचं काय करतो, एवढ्यावरच मला आज बोलायचं आहे.

पाच-सहा वर्षांचा लॅब्राडॉर दवाखान्यात येतो. मालक म्हणतात, ‘डॉक्टर, अलीकडे संध्याकाळी जिना उतरायला बिचकतो. डोळेही फार चमकतात.’ बॅटरीचा झोत टाकला तरी बाहुली पुरेशी आकसत नाही. दृष्टिपटल हळूहळू झिजवणाऱ्या पीआरएची ही सुरुवात. यावर आपल्या दवाखान्यांत इलाज नाही. आणि पेडिग्री चांगली म्हणून तोवर या नराची मेटिंग झालेली असते, पिल्लं घरोघरी गेलेली असतात. आजार उशिरा दिसतो, वेत आधी होतं. खरं दुखणं इथं आहे.

चाचणी नव्हती तेव्हा इंग्लंडमधल्या आयरिश सेटरच्या ब्रीडरांना पीआरएचा वाहक, म्हणजे दोषी जनुकाची एक प्रत असलेला पण स्वतः निरोगी कुत्रा, ओळखायला एकच मार्ग होता. संशयित नराची आंधळ्या मादीशी मेटिंग करायची आणि पिल्लांची नजर जाते का, याची वाट पाहायची. नर वाहक असेल तर सरासरी निम्मी पिल्लं आंधळी. एका कुत्र्याचं जनुक कळावं म्हणून ती जन्माला घातली जात. १९९३ मध्ये सेटरमधला हा दोष पीडीई६बी या जनुकात सापडला आणि त्या क्रूर परीक्षेची गरज संपली. २००५ मध्ये ताशा नावाच्या बॉक्सर मादीचा जनुकसंच प्रसिद्ध झाल्यावर इतर आजारांचा शोधही वेगानं लागू लागला.

आता नमुना घ्यायला गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा पुरतो. पण तो नीट घ्या. पिल्लू नुकतंच आईचं दूध प्यायलेलं असेल तर आईच्या पेशी बोळ्यावर येतात. आधी त्याला थोडा वेळ वेगळं ठेवा. आणि नमुना घेण्यापूर्वी मायक्रोचिप स्वतः वाचून नंबर फॉर्मवर लिहा. रिपोर्ट कोणत्या कुत्र्याचा हेच ठरत नसेल, तर त्या कागदाला किंमत नाही.

आता वाहकाबद्दल. लॅब्राडॉरमधल्या या पीआरएत दोषी जनुकाची एकच प्रत असलेला कुत्रा आजारी पडत नाही. निर्दोष जोडीदाराशी मेटिंग केली तर त्याचं एकही पिल्लू या दोषानं आंधळं होत नाही. सरासरी निम्मी पिल्लं वाहक निघतात आणि त्यांची पुन्हा चाचणी करता येते. दोन वाहकांची मेटिंग मात्र कदापि नको, कारण तिथं सरासरी चारातलं एक पिल्लू आंधळं होणार. इतकं सोपं असूनही ‘कॅरियर’ हा शब्द वाचताच चांगल्या स्वभावाची, मजबूत हाडापेराची मादी बाद केली जाते. याचं मला मनापासून वाईट वाटतं. हिशेब करून पाहा: एखाद्या जातीत १०० मध्ये १ कुत्रा आजारी असेल आणि मेटिंग कोणतीही निवड न करता होत असेल, तर वाहक निघतात जवळपास १८. एका आजारापायी अठरा निरोगी कुत्री वंशातून काढली, तर उरलेल्यांत नात्यातल्या मेटिंग वाढतात आणि आज ठाऊक नसलेला दुसराच दोष वर येतो.

वंश आकसला की काय होतं, हे डाल्मेशियननं दाखवलं आहे. या जातीच्या लघवीत युरिक आम्ल फार उतरतं. विशेषतः नरांना मूतखडे होतात. शुद्ध जातीत चांगलं जनुक उरलंच नव्हतं, त्यामुळे निवड करायला जागाच नव्हती. १९७३ मध्ये अमेरिकेतले आनुवंशशास्त्रज्ञ रॉबर्ट शाइब्ल यांनी पॉइंटरशी एकदा संकर केला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जोडत नेल्या. ठिपके तेच राहिले, खडे करणारा दोष गेला. तरीही अमेरिकन केनेल क्लबनं हा वंश कायमचा स्वीकारायला २०११ उजाडलं! शुद्धतेच्या हट्टापायी किती नर लघवी अडून तळमळले असतील, याचा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

अर्थात रिपोर्ट कोरा आला म्हणजे कुत्रा निरोगी, असं कुणी समजू नये. खुब्याच्या डिस्प्लेशियामागे अनेक जनुकं आहेत, वाढत्या वयातलं वजनही आहे. तिथं एक्स-रेच काढावा लागतो. आणि परदेशी जातींवर पारखलेली चाचणी आपल्या कारवानला जशीच्या तशी लावू नका. त्याच्या आजारांच्या नोंदी आणि रक्ताचे नमुने आधी आपल्यालाच जमवायला हवेत.

दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. पिल्लू विकताना आई-वडील दोघांचे रिपोर्ट, वाहक असतील तर तसं स्पष्ट लिहून, घेणाऱ्याच्या हाती द्यावेत; आणि आजारी निघालेल्या कुत्र्याची माहिती ब्रीडरनं लपवू नये, डॉक्टरनं ती मालकाच्या संमतीनं नोंदवावी. मसुदा प्रत्येक खुर्चीवर ठेवला आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी आधी बोलावं, त्यांच्यासाठी पहिला अर्धा तास राखून ठेवला आहे.