लोहपुरुषांचे प्रवेशशुल्क

(नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पोहणे, सायकल चालवणे आणि पळणे या तिन्ही गोष्टी विदर्भातल्या गरीब माणसाला कोणी शिकवाव्या लागत नाहीत. खेड्यातले पोर पाठीला डबा बांधून विहिरीत उतरते आणि आठ दिवसांत डबा सोडून देते. सायकलच्या दोन्ही अंगांना कॅन लटकावून दूधवाला रोज पहाटे शहरात येतो. पळण्याविषयी तर बोलायलाच नको. पोलीस भरतीच्या आधीचे सहा महिने जिल्ह्या-तालुक्याच्या कोणत्याही रस्त्यावर पहाटे पाच वाजता उभे राहावे; फाटक्या बुटांची, क्वचित अनवाणी मुले सोळाशे मीटरचा सराव करीत समोरून निघून जातात.

याच तीन क्रिया एकापाठोपाठ एक, मध्ये विश्रांती न घेता केल्या की त्यांची ट्रायथलॉन होते. ही शर्यत २००० साली सिडनीत ऑलिंपिकमध्ये दाखल झाली. तिथे दीड किलोमीटर पोहणे, चाळीस किलोमीटर सायकल आणि दहा किलोमीटर धाव असे अंतर असते. ‘आयर्नमॅन’ या नावाने जी शर्यत ओळखली जाते तिचे अंतर ३.८, १८० आणि ४२.२ किलोमीटर, तिच्या निम्म्या अंतराची शर्यत आता गोव्यातही होते. एवढे अंतर कापणारा माणूस, मग तो डॉक्टर असो की उद्योगपती, कौतुकास पात्र आहे, हे आधीच मान्य केलेले बरे. खुर्चीत बसून पळणाऱ्याला नावे ठेवणे हा समाजवाद नव्हे. प्रश्न वेगळाच आहे. जी कौशल्ये श्रमिकांच्या घरी फुकट पिकतात, त्यांची शर्यत भरली की तिच्या प्रवेशद्वारावर श्रमिक का दिसत नाही?

इतिहास पाहिला तर या खेळाचा जन्म काही श्रीमंतीत झालेला नाही. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात तिथल्या धावपटूंच्या मंडळाने गंमत म्हणून अशी पहिली शर्यत भरवली. ४६ माणसे उतरली. पुढे १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटांवर जॉन कॉलिन्स या नौदल अधिकाऱ्याने लांब पल्ल्याची शर्यत योजली. पंधरा जण निघाले, बारा पोहोचले. पाणी नि खाऊ देण्यासाठी प्रत्येकाबरोबर त्याचे मित्र होते. हौशी लोकांनी हौशी लोकांसाठी भरवलेली ती जत्रा होती.

त्या जत्रेचे पुढे काय झाले हे दोन आकड्यांत सांगता येते. २०१५ साली चीनच्या वांडा समूहाने ‘आयर्नमॅन’ ही कंपनी ६५ कोटी डॉलरना विकत घेतली आणि २०२० साली ७३ कोटी डॉलरना अमेरिकन भांडवलदारांना विकली. मधल्या काळात महामारीने जगभरच्या शर्यती बंद पडल्या होत्या, तरी किंमत वाढलीच. आता अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारावे, या ७३ कोटींत विकत घेतले काय? समुद्र कंपनीचा नाही. रस्ते सरकारचे आहेत. बंदोबस्ताचे पोलीस करदात्यांच्या पैशावर उभे असतात. पाण्याचे पेले पुढे करणारे, केळी सोलून देणारे, रात्र पडेपर्यंत रस्ता दाखवणारे शेकडो स्वयंसेवक बिनपगारी असतात. कंपनीच्या मालकीचे असते ते नाव, आणि त्या नावाखाली शर्यत भरवण्याचा परवाना. खंडाचे अर्थशास्त्र शिकवताना रिकार्डोच्या शेतजमिनीचे उदाहरण देण्याची चाल आहे. यापुढे हे उदाहरण द्यायला हरकत नाही. जमीन निदान पिकते तरी.

तथापि शुल्कातला प्रत्येक रुपया लूट आहे असे म्हणणेही खरे नाही. पोहणाऱ्यांच्या बाजूने नावा नि जीवरक्षक हवेत, रुग्णवाहिका हव्यात, वेळ मोजणारी यंत्रणा, विमा, वळणावळणावर माणसे हवीत. यात काटकसर केली तर कुणाचा तरी मुलगा तळाशी जाईल. स्वस्त शर्यत म्हणजे निष्काळजी शर्यत असा अर्थ कार्यकर्त्यांनी कधीही होऊ देऊ नये. या खऱ्या खर्चावर नावाचा खंड किती चढतो, आणि खऱ्या खर्चातला कोणता भाग समाजाने उचलावा, एवढ्यापुरताच वाद आहे.

आता प्रदेशाप्रदेशांतली तुलना. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर ही अर्ध्या अंतराची शर्यत २० ऑक्टोबर २०१९ रोजी पहिल्यांदा झाली. तत्पूर्वी २०१५ साली मिलिंद सोमण यांनी झुरिचची पूर्ण शर्यत पार केल्यापासून आपल्याकडच्या सुस्थित वर्गात या खेळाचे वेड पसरले होते आणि पुण्या-कोल्हापूरची, नाशिक-नागपूरची माणसे मलेशिया, श्रीलंका, कझाकस्तान गाठत होती. विमानाचे भाडे, सायकलच्या पेटीचे वेगळे भाडे, व्हिसा, हॉटेल हे सगळे टळल्यामुळे गोवा त्यांना स्वस्त वाटला, आणि त्यांच्या बाजूने ते खरेही आहे. गोव्याचे शुल्क पाच आकडी असते. हिशेबाच्या सोयीसाठी ते वीस हजार रुपये धरू. अमेरिकेत तेवढ्याच अंतराच्या शर्यतीला चारशे डॉलर किंवा त्याहून अधिक पडतात, म्हणजे आजच्या दराने ३४ हजार रुपयांच्या वर. डॉलरच्या तराजूत गोवा स्वस्त ठरतो.

मात्र तराजू बदलून पाहावा. महाराष्ट्राने १९७२च्या दुष्काळात देशाला जी रोजगार हमी योजना दिली, तिच्या देशव्यापी अवताराखाली २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्राचा मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. वीस हजारांसाठी या दराने ६४ दिवस माती उचलावी लागेल. अमेरिकेतली संघराज्यीय किमान मजुरी २००९ पासून ताशी सव्वासात डॉलरवर गोठलेली आहे. ती लाजिरवाणी आहे आणि तिथल्या अनेक राज्यांत दर याहून बराच वर आहे. तरीही त्या गोठलेल्या दराने चारशे डॉलर मिळवायला ५५ तास, म्हणजे आठ तासांचे सात दिवस पुरतात. तिकडे सात दिवस, इकडे चौसष्ट. त्या वर्षी हमीची शंभर दिवसांची कामे ज्याला पूर्ण मिळाली त्या भाग्यवंताचीही वर्षाची निम्म्याहून अधिक मजुरी एका रविवारच्या शर्यतीच्या दारात संपते, आणि तोवर त्याने गोव्याचे रेल्वे-तिकीटही काढलेले नसते.

याउलट कोल्हापूरचा अनुभव आहे. ‘लोहपुरुष’ नि ‘बर्गमन’ या नावांच्या शर्यती तिथल्या मंडळींनी गावातल्या तळ्याच्या आणि रस्त्यांच्या आधारे स्वतः उभ्या केल्या. परदेशी नावाचा खंड त्यांना भरावा लागत नाही, म्हणून त्यांचे शुल्क गोव्याच्या मानाने कितीतरी खाली राहते. इंग्लंडमध्ये तर लहान अंतराच्या कित्येक शर्यती गावच्या सार्वजनिक जलतरण तलावातच सुरू होतात. स्थानिक मंडळ, स्थानिक तलाव, मंडळाचेच पंच. शुल्क कुठे परवडते आणि कुठे नाही याचे मर्म इथेच सापडते. जिथे सार्वजनिक तलाव आणि जिवंत क्रीडामंडळ आहे तिथे ते उतरते. जिथे यांतले काहीच नाही तिथे सारे विकत घ्यावे लागते.

प्रवेशशुल्काच्या मागे सायकल उभी असते. दूधवाल्याची सायकल पाच-सात हजारांत येते. शर्यतीची बरी सायकल लाखाच्या घरात, आणि कार्बनच्या चौकटीची काही लाखांत. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. निर्णय स्वागतार्हच. तथापि सहा हजारांच्या सायकलीवर त्याने ४२० रुपये वाचले आणि चार लाखांच्या सायकलीवर २८ हजार. अप्रत्यक्ष कराची सूट कुणाच्या घरी किती उतरते, याचे इतके सुटसुटीत गणित अर्थसंकल्पावरच्या भाषणांत ऐकायला मिळत नाही.

याहून मोठी किंमत वेळेची आहे. या शर्यतीच्या तयारीला आठवड्याला दहा-बारा तास लागतात. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की सराव पहाटे साडेचारलाच आटोपावा लागतो. बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीने काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराने रात्रपाळी संपवून नव्वद किलोमीटर सायकल मारावी, अशी अपेक्षा करणे क्रूर होईल. आणि स्त्रियांचे काय? नवरा पहाटे तळ्यावर जातो तेव्हा डबा कोण भरते, मुलांना शाळेत कोण पोहोचवते? यांच्या वेळेतूनच त्याचा वेळ निघतो. गोव्यातल्या निम्म्या अंतरासाठी साडेआठ तासांची मर्यादा असते. गृहिणीच्या दिवसाला तीही नसते.

खेळाच्या प्रवेशशुल्काचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले तेव्हा त्यांच्या गोळेश्वर गावाने वर्गणी काढली आणि प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक असे गहाणखतावर आले. आपल्या विदर्भात, अमरावतीला १९१४ पासून उभ्या असलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांचे प्रात्यक्षिक करणारे पथक नेले होते. पारतंत्र्यात, वऱ्हाडासारख्या भागातून हे घडले, याचे कारण संस्था होती. मुलाच्या बापाची ऐपत पाहून आखाड्याचे दार उघडत नव्हते.

आजही गरिबाघरचे खेळाडू कोणत्या खेळात वर येतात ते पाहावे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसमध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवतो; नाशिकच्या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत २०१० साली दहा हजार मीटरमध्ये राष्ट्रकुल पदक आणते. पळायला सुरुवातीला पायच पुरतात. आणि साबळे यांना पुढे पोसले ते सैन्याने. ट्रायथलॉनच्या राष्ट्रीय स्पर्धांतही मणिपूरची आणि सेनादलाची मुले पुढे दिसतात. सेनादलाच्या मुलाची सायकल त्याच्या बापाने घेतलेली नसते. म्हणजे खर्च कमी झालेला नाही, तो उचलणारा बदलला आहे, आणि खर्च उचलणारा बदलताच विजेत्यांचा वर्गही बदलला आहे.

काही साथी म्हणतील, कापसाला भाव नाही, शेतकरी गळफास घेतो आहे, तिथे हा श्रीमंतांचा छंद कशाला काढला? आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर असे की ज्या गोष्टींवर हा छंद चालतो त्या श्रीमंतांच्या नाहीत. रस्ता बंद होतो तो सरकारी आदेशाने, आणि त्या सकाळी भाजीची गाडी अडते ती त्याच रस्त्यावर. सार्वजनिक तलाव कंत्राटाने दिला गेला आणि शुल्क वाढले की पहिला बाहेर पडतो तो झोपडपट्टीतला मुलगा. तो मग पावसाळ्यात खाणीच्या डबक्यात पोहायला जातो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते. महापालिकेतल्या आपल्या सभासदांनी यावर बोलायचे नाही तर कशावर बोलायचे?

मागण्या फार नाहीत. सार्वजनिक रस्ता वा जलाशय वापरणाऱ्या प्रत्येक शर्यतीने आपला जमाखर्च जाहीर करावा. एकूण प्रवेशांतले ठरावीक प्रवेश स्थानिक शाळा नि वसतिगृहांतल्या मुलांना विनाशुल्क असावेत. मानकापूरचे विभागीय क्रीडा संकुल असो की सुधार प्रन्यासाचा तलाव, तिथे कामगारांच्या पाळ्या पाहून वेळा ठरवाव्यात, आणि महापालिकेच्या शाळांना काही चांगल्या सायकली सामायिक मालकीने मिळाव्यात.

जाता जाता आणखी एका प्रवेशशुल्काचा उल्लेख करणे प्राप्त आहे. २०२४ साली महाराष्ट्र पोलिसांच्या सुमारे सतरा हजार जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले. अर्जाचे शुल्क खुल्या वर्गाला साडेचारशे आणि मागासवर्गीयांना साडेतीनशे रुपये होते. सर्वांनी कमी दरच भरला असे धरले तरी ही रक्कम ५९ कोटींच्या पुढे जाते. शंभरातल्या नव्व्याण्णवांना त्यात नोकरी नव्हती, स्वयंसेवकाने पुढे केलेला पाण्याचा पेला नव्हता, गळ्यात घालायचे पदकही नव्हते. ती मुले पुढच्या भरतीच्या तयारीला लागली असून आजही पहाटे पाचला त्याच रस्त्यांवर पळताना दिसतात.