सारीपाट आणि रान
(व्याख्यानाचा मजकूर)

मंदिराच्या शुभकार्यासाठी गाव जमले असता देवांच्या संसारातील भांडणांविषयी बोलावे, हे काहींना गैर वाटेल. परंतु ही भांडणे कोणा टवाळाने रचलेली नाहीत. ती पोथीत आहेत, वाघ्या-मुरळीच्या जागरणात आहेत, आणि आयाबहिणींच्या जात्यावरच्या ओव्यांत तर ठायी ठायी आहेत. आपल्या सातारा जिल्ह्यात दोन देवांची लग्ने दरवर्षी थाटाने लागतात, शिखर शिंगणापूरला चैत्रात आणि पालीला पौषात. या दोन्ही देवांच्या कथेत घर मोडते ते एकाच गोष्टीने, सारीपाटाच्या डावाने!

शिंगणापूरची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. पार्वतीने डाव जिंकला. हरलेले महादेव रागाने उठले आणि रानात निघून गेले. श्रीधरस्वामींनी शके 1640 मध्ये बारामतीस ‘शिवलीलामृत’ पुरे केले, त्याच्या चौदाव्या अध्यायात हा प्रसंग आहे. पार्वती मागे गेली, पण राणी म्हणून नव्हे; भिल्लीण होऊन गेली. घरात जिची जीत सोसवली नाही, तिच्याच मागे महादेव रानात वेडे होऊन फिरू लागले. हा प्रसंग ऐकताना आपण हसतो. परंतु जिंकली तीच, आणि वेष पालटून समजूत घालायला जायचे तेही तिनेच, हे कितीजणांच्या ध्यानात येते? माणदेशातल्या त्या उघड्या, कोरड्या डोंगरावर एकाच गाभाऱ्यात दोन लिंगे आहेत, लोक त्यांना शिव आणि शक्ती मानतात. चैत्र शुद्ध अष्टमीला लग्न लागते, आणि पुढे द्वादशीला मुंगी घाटाच्या उभ्या चढणीने कावडी वर येतात.

पालीच्या खंडोबाची गोष्ट अधिक अवघड आहे. म्हाळसा ही नेवाशाच्या तिम्मशेट वाण्याची लेक, लिंगायताच्या सोवळ्या घरातली. तारळी नदीच्या काठी तिचे लग्न लागले. पुढे डाव हरल्यावर बोलल्याप्रमाणे देवाला बारा वर्षे घर सोडावे लागले. तो चंदनपुरीस धनगराच्या वाड्यावर चाकर राहिला, मेंढरे राखू लागला, आणि धनगराची लेक बानाई हिला वरून घरी घेऊन आला. येथे मात्र घरधनीण भिल्लीण झाली नाही. रानच सवत होऊन उंबऱ्याशी उभे राहिले.

मग गाण्यांतून जे भांडण जुंपते, ते ऐकावे! म्हाळसेने बानूच्या अंगाचा मेंढरांचा वास काढावा, तिला रांधता येत नाही म्हणून हिणवावे. बानूनेही उणे ठेवू नये. गंमत म्हणून ही पदे म्हटली जातात खरी, परंतु ज्या बाईच्या घरी खरोखरीच सवत आली असेल, ती पहाटे जात्यापाशी ती कशी म्हणत असेल? नवऱ्याविरुद्ध जे बोलायची सोय नव्हती, ते देवाच्या नावावर म्हणता येत होते. गाणारी कधी म्हाळसेकडून बोलते, कधी बानूकडून. देवाची बाजू घेणारी ओवी त्या मानाने विरळाच.

जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी धनगरांमध्ये राहून त्यांच्या ओव्या गोळा केल्या, आणि 1976 साली बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवर जर्मन भाषेत ग्रंथ लिहिला. ‘वन’ आणि ‘क्षेत्र’, म्हणजे मोकळे रान आणि वसलेले शिवार, या दोहोंच्या ओढाताणीत त्यांनी आपली दैवते पाहिली. ही ओढाताण धनगराला कोणी शिकवावी लागत नाही. पावसाळा सरला की तो कळप घेऊन चाऱ्यामागे निघतो. शेतकऱ्याला त्याच्या मेंढरांचे खत हवे असते आणि उभ्या पिकात मेंढरू शिरलेले नको असते. बानाईचे गाऱ्हाणे यापेक्षा फारसे वेगळे नाही.

पालीला दर पौषात देव नवरदेव होतो, भंडारा उधळतो, येळकोटाचा गजर होतो. तिथे नवरी म्हाळसाच. जेजुरीलाही वर गडावर देवाशेजारी म्हाळसा आहे. बानाईचे देऊळ आहे ते निम्म्या चढणीवर, पायऱ्यांच्या वाटेत. वर निघालेली माणसे तिथे क्षणभर टेकतात, तिला भंडारा वाहतात आणि पुढे चढू लागतात.