फडात पिल्लू दिसलं तर

कृष्णा-वारणेच्या काठावर ऊसतोड सुरू झाली, की सातारा-सांगलीकडे एक बातमी हमखास येते. कुठल्यातरी फडात पिल्लं सापडलेली असतात. कधी बिबट्याची, कधी रानमांजराची, तर कधी वाघाटीची.

पिल्लू मुठीएवढं, डोळे जेमतेम उघडलेले. कोणीतरी ते उचलतं. ऊसतोड टोळीतली पोरं, मालकाची पोरं, सगळी गोळा होतात. पिल्लू या हातातून त्या हातात जातं, मोबाइल निघतात, वाटीत गाईचं दूध येतं. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. मुलांच्या मनात तर निव्वळ माया असते. पण याच मायेपायी ते पिल्लू आईला पारखं होतं, हे त्यांना सांगायचं कुणी?

वाघाटीचंच घ्या. पूर्ण वाढलेली वाघाटी जेमतेम दीड किलोची, घरच्या मांजराहून लहान. जगातल्या सगळ्यांत छोट्या रानमांजरांत तिची गणना होते आणि भारत, श्रीलंका, नेपाळ सोडून ती कुठेही आढळत नाही. अंगावर तांबूस ठिपके असतात, म्हणून तिची पिल्लं दिसली की बिबट्या आला म्हणून गावभर बोभाटा होतो. उसात तिला हवं ते सगळं मिळतं. उंच आडोसा, खाली पाचटाची ऊब, खायला उंदीर. कोयत्यांचा आवाज जवळ आला की ती बुजून बाजूच्या उसात शिरते. पिल्लांना टाकून ती गेलेली नसते. आपण मात्र पिल्लं अनाथ समजून घरी आणतो. गाईचं दूध त्यांना पचत नाही, हगवण लागते आणि ती दगावतात.

खरं तर करायचं ते अगदी थोडं असतं. हात लावायचा नाही. तेवढ्या पट्ट्यातली तोड थांबवायची, माणसं लांब करायची आणि वनखात्याला 1926 या क्रमांकावर कळवायचं. वनखात्याचे लोक संध्याकाळी पिल्लं सापडल्या जागीच ठेवतात आणि दुरून लक्ष ठेवतात. कराड तालुक्यात बिबट्याच्या बछड्यांची त्यांच्या आईशी अशी भेट घडवून आणलेली आहे. टोळीचा एका पट्ट्याचा खाडा होतो, हे मला कळतं. उचल घेतलेल्या माणसाला तेवढंही परवडत नाही. तो भार शेतमालकानं आणि कारखान्यानं उचलावा, असं मला मनापासून वाटतं.

मायेनं हाताळणं म्हणजेच आदर, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा तर नागपंचमीसाठीच ओळखलं जातं. पंचमीच्या आधी रानातून नाग पकडायचे, मडक्यात ठेवायचे, अंबामातेच्या देवळात न्यायचे, मिरवायचे. शिराळकरांची नागावरची श्रद्धा खरी आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं नाग पकडायला मनाई आहे, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांचे खेळ आणि मिरवणुका थांबल्या. 2025 साली केंद्र सरकारनं शिक्षण आणि पारंपरिक ज्ञानासाठी 21 नाग पकडायची परवानगी दिली. माझं मत वेगळं आहे. नाग फणा काढतो तो घाबरून, स्वतःला वाचवायला. घाबरलेला जीव समोर धरून मुलांना त्याच्याविषयी काय शिकवणार? बांधावरच्या वारुळापासून दहा पावलं मागं उभं राहून, नाग उंदीर खातो म्हणून आपलं धान्य कसं वाचतं, हे सांगणारे आजोबा त्यापेक्षा चांगले शिक्षक.

आता घराजवळचं बघू. कुंपणावरच्या सरड्याला दगड मारणं, चतुराच्या शेपटीला दोरा बांधणं, हे मुलं सर्रास करतात. नुसतं रागावून भागत नाही. मुलाला सरडा बघायला बसवा. विणीच्या दिवसांत नराचं डोकं आणि गळा लालभडक होतो. तो पुढच्या पायांवर अंग वर-खाली करतो, जोर काढल्यासारखं. दुसरा नर जवळ आला तर काय होतं, हे मुलानं स्वतः बघावं आणि आपल्याला येऊन सांगावं. ज्या सरड्याचं कुंपण आणि ठरलेली फांदी मुलाला ठाऊक झाली, त्याच्यावर ते सहसा दगड उचलत नाही.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना एक विनंती आहे. या हंगामात परिपाठाची दहा मिनिटं फडातल्या पिल्लांसाठी द्या. वाघाटी, रानमांजर आणि बिबट्या, तिघांच्या पिल्लांची चित्रं वर्गात लावा, खाली 1926 हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहा. आणि ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या साखरशाळेत किंवा टोळीच्या खोपटांपाशी जाऊन हेच सांगायला विसरू नका, कारण त्या मुलांचा सगळा हंगाम फडाच्या कडेलाच जातो.