रविवारचा कवडसा



रविवार आळसात कसा घालवावा, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. आठवडाभर साठलेली कामं त्या दिवशी दारात उभीच असतात. दळण आणायचं, माळा आवरायचा, कुणाच्या तरी साखरपुड्याला तोंड दाखवून यायचं. संध्याकाळी आपण म्हणतो, 'रविवार कुठे गेला, कळलंच नाही!' म्हणून महिन्यातला एखादा रविवार मी ठरवून रिकामा ठेवतो. उशिरा आंघोळ, सावकाश जेवण आणि मग खिडक्यांचे पडदे ओढून एक जुना चित्रपट. पथ्य एकच, मोबाइल दुसऱ्या खोलीत.

अशा दुपारसाठी मी गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' सुचवीन. १९५९ सालचा, कृष्णधवल, सुमारे अडीच तासांचा. सिनेमास्कोपमध्ये तयार झालेला हा भारतातला पहिला चित्रपट. सिनेमास्कोपमध्ये एक खास भिंग समोरचं रुंद दृश्य नेहमीच्या फिल्मवर आडवं दाबून बसवतं. चित्रपटगृहातलं दुसरं भिंग ते पुन्हा पसरवतं. पडद्याची रुंदी मग उंचीच्या सव्वादोन पटींहूनही जास्त होते.

एवढ्या रुंद पडद्याचं करायचं काय? मोठा थाटमाट दाखवणं सोपं होतं. गुरुदत्त आणि छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी त्यात रिकामी जागा दाखवली. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती आणि मधे नुसता काळोख. दोघांनी बोलायची गरजच उरत नाही.

चित्रपटाचा नायक सुरेश सिन्हा हा नामवंत दिग्दर्शक. घर मोडलेलं, मुलीची ओढ. शांती नावाची मुलगी त्याला भेटते आणि त्याच्या चित्रपटाची नायिका होते. वहिदा रेहमान यांची ही भूमिका. ती वर चढत जाते, तो उतरत जातो. दोघं रिकाम्या स्टुडिओत समोरासमोर उभे आहेत आणि गीता दत्त यांचा आवाज सुरू होतो. त्या वेळी वरून प्रकाशाचा एक जाड झोत जमिनीपर्यंत उतरतो. दोघांच्या शरीरांतून जणू त्यांच्या सावल्या बाहेर पडतात आणि एकमेकींकडे चालू लागतात. माणसं मात्र जागची हलत नाहीत.

हा झोत दिव्यांचा नाही, उन्हाचा आहे. मूर्तींनी मोठे आरसे लावून बाहेरचं ऊन आत वळवलं होतं. कौलारू घरात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना हा प्रकार नवा नाही. दुपारी कौलांच्या फटीतून कवडसा उतरायचा, त्यात धूळ तरंगताना दिसायची आणि आपण तो मुठीत धरू पाहायचो. मूर्तींनी तोच कवडसा स्टुडिओत आणला.

या कामासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. कलादिग्दर्शनाचा पुरस्कार चित्रकार एम. आर. आचरेकर यांना मिळाला. पुढे २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मूर्तींना जाहीर झाला. तो मिळवणारे ते पहिले छायालेखक. प्रेक्षकांनी मात्र १९५९ मध्ये या चित्रपटाकडे पाठ फिरवली. त्यानंतर गुरुदत्त यांनी चित्रपट काढले, भूमिकाही केल्या. पण दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव पुन्हा लावलं नाही. १९६४ मध्ये ते गेले.

मी निवृत्त झाल्यावर वर्षभराने माझ्या जुन्या कचेरीत गेलो होतो. दारावरच्या नव्या पहारेकऱ्याने वहीत नाव लिहायला सांगितलं आणि विचारलं, 'काम काय आहे?' त्याचं काही चुकलं नव्हतं. पण उत्तर मला चटकन सुचेना. या चित्रपटात म्हातारा सुरेश स्टुडिओत येतो, वर चढतो आणि तिथून खाली बघत राहतो, तेव्हा मला तो प्रश्न आठवतो. शेवटी दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसल्या बसल्याच त्याचा प्राण जातो. सकाळी लोक येतात, घोटाळतात. निर्मात्याला घाई असते, कारण चित्रीकरण सुरू व्हायचं असतं. माणूस जातो आणि त्याच्या कामाची जागा चालूच राहते. हे दुःख सिनेमावाल्यांपुरतं नाही. शाळेतून, गिरणीतून, बँकेतून घरी बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे.

चित्रपट संथ आहे, ही तक्रार खरी. बुधवारी रात्री कामावरून दमून आल्यावर तो झेपणार नाही. त्याला आळसावलेली दुपारच हवी, जिच्यामागे संध्याकाळची कुठलीच घाई नाही.

एक छोटी सूचना. टीव्हीवर चित्राच्या वर आणि खाली काळ्या पट्ट्या दिसतील. घरातलं कुणीतरी रिमोट उचलून चित्र मोठं करायला जाईल. त्याला थांबवा. चित्र मोठं केलं की दोन्ही कडा कापल्या जातात, आणि या चित्रपटात माणसं कडेलाच उभी असतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)