स्केडॅडलचे नातेवाईक

श्रोतेहो, मिनिटं मोजकीच दिली आहेत, तेव्हा थेट विषयाला हात घालतो.

स्केडॅडल. इंग्रजी बोलण्यातला शब्द. अर्थ सूंबाल्या करणं, पायाला पाय लावून पळणं. नुसतं धावणं नव्हे बरं का; धाबं दणाणलं म्हणून पळणं. आज आई पोरांना ‘पळा इथून’ म्हणतानाही तो वापरते. धास्ती गेली, गंमत उरली.

शब्द फोफावला तो अमेरिकेच्या यादवी युद्धात. २१ जुलै १८६१ रोजी बुल रनला उत्तरेची फौज उधळली आणि वॉशिंग्टनच्या दिशेनं पळत सुटली. लढाईची मौज बघायला खाण्याच्या टोपल्या घेऊन आलेले शहरातले बडे लोकही त्याच गर्दीत! आणि १० ऑगस्टच्या ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये हा शब्द छापून आला तो कुणासाठी? दक्षिणेच्या सैनिकांना हिणवायला. आपण पळालो ते तीन आठवड्यांत विसरायला झालं. पुढे सैन्यभरती चुकवून कॅनडात गेलेल्यांना स्केडॅडलर म्हणू लागले. न्यू ब्रन्सविक प्रांतात स्केडॅडल रिज नावाचं ठिकाणच आहे.

आता माझा मुद्दा. हा शब्द आला कुठून? माहीत नाही. कोश स्पष्ट लिहितात : मूळ अज्ञात.

पण लोकांना ते सोसत नाही. गावातलं अनाथ पोरगं कलेक्टर झालं की कसे चुलते-मामे उगवतात, तसं या शब्दाचं झालं. शब्द गाजला आणि ग्रीक मामा आले : आमच्यात ‘पांगवणे’ अशा अर्थाचं तसंच क्रियापद आहे, पोरगं आमचंच. मग स्वीडिश, डॅनिश चुलते. आयरिश आत्याही आली. स्कॉटलंडकडची मावशी म्हणाली, बादली नेताना दूध हिंदकळून सांडलं की आमच्याकडे हेच म्हणतात. मावशी मला त्यातल्या त्यात खरी वाटते, चेहराही जुळतो. पण नुसत्या चेहऱ्यावर वारसनोंद होते का? सातबारा दाखवा! पोरगं हलाखीत असताना, म्हणजे युद्धाआधी, तुमच्या घरी होतं याचा कागद दाखवा.

पुन्हा सांगतो, कारण हेच निसटतं : आवाज जुळला म्हणजे नातं जुळलं नाही. ‘मूळ अज्ञात’ लिहिणारा कोशकार आळशी नसतो, तो शोधून दमलेला असतो. आपल्याकडेही अमुक इंग्रजी शब्द संस्कृतातूनच गेला असं छातीठोकपणे सांगणारे घरोघरी आहेत. अहो, काही शब्द खरंच सख्खे आहेत, पण म्हणून सगळेच कसे असतील?

याउलट इंग्रजीतलाच व्हमूस घ्या. अर्थ जवळपास तोच, पण तो स्पॅनिश ‘व्हामोस’वरून, ‘चला’वरून आला. तिथे कागद आहे. या दोन भाषांच्या सीमेवरच्या देवघेवीबद्दल खरं तर… पण काचेपलीकडून खूण झाली आहे.

तर एवढंच करा. कुणी शब्दाचं मूळ ठासून सांगितलं, की पहिला लेखी पुरावा कोणत्या सालचा ते विचारा.