आरोपीच्या बाजूचा सरकारी वकील
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सरकारी वकील म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो आरोपीला शिक्षा व्हावी म्हणून झगडणारा वकील. मी कॅलिफोर्नियातल्या एका काउंटीत, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, नोकरीला आहे. पण मी उभी राहते ती आरोपीच्या बाजूनं. तिथं आम्हाला 'पब्लिक डिफेंडर' म्हणतात. गंमत म्हणजे आरोप ठेवणारा वकील आणि मी, दोघांचाही पगार काउंटीच्याच तिजोरीतून होतो.

ही कल्पना क्लारा फोल्ट्झ या कॅलिफोर्नियातल्या पहिल्या महिला वकिलांनी १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडली. १९१४ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीत पहिलं कार्यालय उघडलं. देशभर मात्र हा हक्क मिळाला तो १९६३ मध्ये. क्लॅरेन्स गिडियन या कैद्यानं फ्लोरिडाच्या तुरुंगातून पेन्सिलीनं लिहिलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयात पोचला. गंभीर गुन्ह्याच्या आरोपीला वकील परवडत नसेल तर राज्यानं तो दिलाच पाहिजे, असा निकाल लागला. गिडियनचा खटला पुन्हा चालला. या वेळी सोबत वकील होता. ज्यूरीनं त्याला निर्दोष ठरवलं.

माझा दिवस सकाळी कोर्टातच सुरू होतो. नुकत्याच पकडलेल्या माणसांशी काही मिनिटंच बोलायला मिळतं. हमखास प्रश्न येतो, "तुम्ही खऱ्या वकील, की सरकारी?" रागवून चालत नाही. विश्वास कमवावा लागतो.

बहुतेक खटले ज्यूरीपर्यंत जातच नाहीत, कबुलीवर मिटतात. हॉटेलात भांडी घासणारा एक तरुण चोरीच्या आरोपावरून आत होता. जामिनाला पैसे नव्हते. समोरून प्रस्ताव आला, गुन्हा कबूल कर आणि आजच घरी जा. तो म्हणाला, "चोरी मी केली नाही. पण कामावर गेलो नाही तर नोकरी जाईल." कबुली द्यायची की नाही, हा निर्णय आरोपीचाच. मी एवढंच सांगितलं, की आज घरी नेणारा हा कागद उद्या नोकरी मागताना, घर भाड्यानं घेताना आडवा येईल. तो थांबला. आमच्या तपासनीसानं दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण मिळवलं. चोर दुसराच होता. आरोप मागे घेतला गेला. नोकरी मात्र तोवर गेली होती.

असं चित्रण शोधायला वेळ लागतो, आणि तोच नसतो. एका वकिलाकडे वर्षाला गंभीर गुन्ह्यांची १५० किंवा किरकोळ गुन्ह्यांची ४०० प्रकरणं, ही कमाल मर्यादा १९७३ मध्ये एका राष्ट्रीय आयोगानं सुचवली. ४०० म्हणजे आठवड्याला सात-आठ! २०२३ च्या एका मोठ्या अभ्यासानं हे आकडे फारच जास्त असल्याचं दाखवलं.

नातेवाईक विचारतात, "गुन्हेगारांची बाजू कशी घेतेस गं?" मी गुन्ह्याचं समर्थन करत नाही. सरकारला आरोप सिद्ध करायला लावते.

आपल्या राज्यघटनेच्या ३९ अ कलमातही मोफत कायदेविषयक मदतीचं तत्त्व आहे. २०२२ च्या योजनेनुसार अनेक जिल्ह्यांत पूर्णवेळ बचाव वकील नेमले गेले. कोठडीतल्या माणसाला या मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. ओळखीतल्या कुणावर अशी वेळ आली, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जरूर जा. मदत मागण्यात कमीपणा नाही, तो हक्क आहे.