अडुसष्ट टक्के आणि दिल्ली

बारावीचा निकाल लागला की नव्वदच्या वर गेलेल्यांच्या घरी पेढे येतात आणि साठ-सत्तरवाल्यांना नातेवाईक फोन करून विचारतात, ‘मग आता काय ठरवलंय?’ आज मला बोलायचंय ते या दुसऱ्या मुलांशी. त्यातही, दिल्ली विद्यापीठ मनात असून ते मोठ्यानं न म्हणणाऱ्यांशी.

पूर्वी त्यांचं गप्प राहणं रास्त होतं. 2021 साली हिंदू कॉलेजात राज्यशास्त्र ऑनर्सची पहिली कटऑफ 100 टक्के होती. श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्समध्ये बी.कॉम. ऑनर्सलाही तेवढीच. आपल्या बोर्डात कला शाखेतून शंभर टक्के आणणारा विद्यार्थी मला तरी अजून भेटायचाय! एखाद्या बोर्डाचे परीक्षक सढळ हातानं गुण देतात, दुसऱ्याचे हात आखडून, आणि यादी मात्र सगळ्यांची एकच.

2022 पासून हे बदललं. दिल्ली विद्यापीठात पदवीचे बहुतेक प्रवेश आता सीयूईटी या सामायिक परीक्षेच्या गुणांवर होतात. बारावी उत्तीर्ण व्हावी लागते, पण 68 टक्केवाला आणि 98 टक्केवाला एकाच रांगेत उभे राहतात. परीक्षा 13 भाषांत देता येते आणि त्यांत मराठी आहे.

याचा अर्थ वाट सोपी झाली, असं मी म्हणणार नाही. क्लासवाल्यांना नवं दुकान मिळालं, हेही खरं. पण खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याविषयी आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही. या परीक्षेचे विषय एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकांच्या अंगानं जातात आणि आपली मुलं वर्षभर राज्य मंडळाची पुस्तकं वाचतात. इतिहास म्हणा, अर्थशास्त्र म्हणा, नाव तेच, पण धडे वेगळे. बोर्डात 85 टक्के मिळवलेली मुलगी इथं अडखळते ती या कारणानं. एनसीईआरटीची पुस्तकं तिच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, मात्र इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत, मराठीत नाहीत. तेव्हा पेपर मराठीतून द्यायचा असला तरी वाचन दुसऱ्या भाषेतून करण्याची तयारी हवी. ती अकरावीच्या सुट्टीतच सुरू केलेली बरी.

पेपर पर्यायांचा असतो. बरोबर उत्तराला 5 गुण, चुकलं तर 1 वजा. लांबलचक उत्तर लिहिताना ज्यांचा हात आणि धीर दोन्ही संपतात, त्यांना ही पद्धत मानवते. अंदाजपंचे गोळ्या मारणाऱ्यांना मात्र ती महागात पडते.

आता विद्यापीठाच्या अर्जात कॉलेज आणि विषयांचा जो पसंतिक्रम भरायचा असतो, त्याविषयी. चांगले गुण मिळूनही मुलं इथं घसरतात. पाचसहा नामवंत कॉलेजांची नावं भरतात आणि अर्ज बंद करतात. असं करू नका. यादी लांबलचक भरा; कॉलेज आणि विषय यांतलं तुम्हाला काय जास्त प्यारं आहे, ते घरच्यांशी भांडून का होईना, आधी ठरवा. मिळालेली जागा मुदतीत स्वीकारलीत, तर पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची वाट पाहता येते. स्वीकारलीच नाहीत, तर तुम्ही प्रक्रियेतूनच बाहेर. आणि वरची जागा मिळाली की खालची आपोआप जाते, म्हणून नको असलेलं नाव वर टाकू नका. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीचीच माहितीपुस्तिका वाचा, दादानं सांगितलेली नव्हे.

बारावीचे गुण अगदीच निकामी झाले, असंही नाही बरं का. दोघांचे सीयूईटीचे गुण सारखे पडले, तर 2022 च्या नियमांत आधी बारावीच्या सर्वोत्तम तीन विषयांचे गुण पाहायचे, मग चार, मग पाच विषयांचे. तरीही बरोबरी राहिली, तर जो वयानं मोठा त्याला जागा. म्हणजे मध्ये एखादं वर्ष गेलं म्हणून घरी ज्याला रोज बोलणी बसतात, त्याचाच नंबर आधी लागायचा.